मधल्या कानातली हाडे, सांधे आणि प्रथिने: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कानाबद्दलचे प्रश्न बहुतेक वेळा मळ, ठणका किंवा श्रवणयंत्राचे असतात. पडद्यामागच्या तीन हाडांची चौकशी सुरू होते ती डॉक्टरांनी रिपोर्टवर बोट ठेवून "रिकीब हलत नाही" किंवा "ऐरण खाल्ली गेली आहे" असे सांगितल्यावर. त्यानंतर घरी येऊन लोक जे प्रश्न शोधत बसतात, ते इथे घेतले आहेत. एक गोष्ट या उत्तरांत वारंवार येईल, म्हणून आधीच सांगतो: या हाडांना बांधणाऱ्या प्रथिनांइतकीच "आता पुरे" म्हणणारी प्रथिनेही लागतात. मधल्या कानाचे काही आजार ही दुसरी प्रथिने कमी पडल्याने होतात.

मधल्या कानात किती हाडे आणि किती सांधे असतात?

हाडे तीन: हातोडी, ऐरण आणि रिकीब. हातोडीचा दांडा पडद्याला आतून चिकटलेला असतो, ऐरण मध्ये, आणि रिकिबीचा तळ आतल्या कानाच्या लंबगोल खिडकीत बसलेला. रिकीब हे शरीरातले सर्वांत लहान हाड. उंची जेमतेम ३ मिलिमीटर, वजन ३ ते ४ मिलिग्रॅम. हातोडी आणि ऐरण त्या मानाने जड, प्रत्येकी साधारण २५ मिलिग्रॅम.

सांधेही तीनच. हातोडी-ऐरण, ऐरण-रिकीब, आणि रिकिबीचा तळ व खिडकीची कड यांच्यामधला. पहिले दोन गुडघ्याच्या जातीचे, म्हणजे आत कूर्चा आणि वंगणाचा द्रव असलेले. तिसऱ्यात द्रव नाही, फक्त लवचिक तंतूंची एक कडी आहे.

एवढा खटाटोप कशासाठी? आतला कान द्रवाने भरलेला असतो आणि हवेतला आवाज द्रवावर आदळला की जवळजवळ सगळा परत फिरतो. पडद्याचा कंप पावणारा भाग सुमारे ५५ चौरस मिलिमीटर, रिकिबीचा तळ सुमारे ३.२. मोठ्या क्षेत्रावरचा जोर लहान क्षेत्रावर आला की दाब सुमारे १७ पट होतो. हातोडी आणि ऐरण यांची तरफ त्यात १.३ पटींची भर घालते. एकूण २२ पट. ही साखळी कुठे तुटली किंवा अडकली, तर ऐकण्यात जास्तीत जास्त ६० डेसिबलपर्यंत घट येते, म्हणजे समोरच्याचे नेहमीचे बोलणेही ऐकू येईनासे होते.

हाड म्हणजे कॅल्शियम. मग प्रथिनांचा इथे काय संबंध?

हाडाचा टणकपणा कॅल्शियम-फॉस्फेटच्या स्फटिकांमुळे येतो, हे खरे. पण हे स्फटिक ज्या धाग्यांवर बसतात ते धागे प्रथिनाचे आहेत. त्याचे नाव कोलॅजेन, आणि हाडात आढळतो तो त्याचा पहिला प्रकार. एका रेणूत तीन साखळ्या तिपेडी वेणीसारख्या एकमेकींभोवती वळलेल्या असतात. प्रत्येक साखळीत दर तिसऱ्या जागी ग्लायसिन हे अमिनो आम्ल असते, कारण पिळाच्या आत जागा इतकी अपुरी की सर्वांत लहान अमिनो आम्लच तिथे मावते. त्या जागी दुसरे कोणतेही आले की पीळ बसत नाही. ही बाब लक्षात ठेवा, ठिसूळ हाडांच्या आजारात ती पुन्हा येणार आहे.

ही तीन साखळ्यांची रचना १९५४ मध्ये मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी मांडली. डीएनएची दुहेरी शिडी त्याच्या आदल्याच वर्षी जाहीर झाली होती. ती शाळेच्या पुस्तकात पोचली आणि घराघरात माहीत झाली. आपल्याच देशात उकललेला कोलॅजेन मात्र वाचकांना हल्ली चेहऱ्याच्या क्रीमच्या जाहिरातीत भेटतो.

ही हाडे हातापायांच्या हाडांसारखीच असतात का?

घटक तेच, प्रमाण वेगळे. कानाच्या परिसरातल्या हाडांत खनिज जास्त आणि कोलॅजेन कमी असतो. जॉन करी या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये तीन हाडांची मोजमापे शेजारी शेजारी ठेवली: हरणाचे शिंग, गाईच्या मांडीचे हाड आणि फिन व्हेलच्या कानाभोवतीचे हाड. खनिजाचे प्रमाण अनुक्रमे सुमारे ५९, ६७ आणि ८६ टक्के निघाले. ताठरपणा सुमारे ७, १३ आणि ३१ गिगापास्कल. झुंजीत टक्कर सोसणाऱ्या शिंगात प्रथिन भरपूर, म्हणून ते वाकते पण मोडत नाही. व्हेलच्या कानाचे हाड ताठ, पण ठोका बसला तर काचेसारखे फुटेल. त्याला ठोका बसतच नाही, म्हणून चालते. व्हेलचे ते हाड म्हणजे काही हातोडी-ऐरण नव्हे, पण तत्त्व तेच. आवाज वाहून नेणाऱ्या हाडाने स्वतः दबायचे नसते.

दुसरा फरक वाढीचा. तान्ह्या बाळाची आणि त्याच्या पणजोबांची रिकीब जवळपास एकाच मापाची असते. ही हाडे गर्भातच पूर्ण आकाराला येतात. मांडीचे हाड जन्मभर थोडे थोडे मोडून पुन्हा बांधले जात असते, म्हणून चाळिशीतले मांडीचे हाड विशीतले राहत नाही. कानातल्या हाडांत आणि त्याहून जास्त आतल्या कानाच्या कवचात हे काम जवळजवळ बंद असते.

मोडणे-बांधणे बंद कोण ठेवते?

हाड खाणाऱ्या पेशींना ऑस्टिओक्लास्ट म्हणतात. त्या आपोआप जाग्या होत नाहीत. रँक-लिगँड नावाचे प्रथिन त्यांच्या पूर्वज पेशींवरच्या रँक या ग्राहकाला (निरोप स्वीकारणाऱ्या प्रथिनाला) चिकटले की त्या तयार होतात आणि हाडाला लागतात. १९९७ मध्ये तिसरे प्रथिन सापडले, ऑस्टिओप्रोटेजेरिन. ते रँक-लिगँडला वाटेतच पकडते आणि निरोप पोचू देत नाही.

आतल्या कानाच्या मऊ भागात हे प्रथिन मुबलक तयार होते आणि तिथल्या द्रवात उतरते. तिथून ते भोवतालच्या कवचाला हात लावू देत नाही, असा आजचा समज आहे. त्याला भक्कम आधार उंदरांचा आहे. ज्या उंदरांत ऑस्टिओप्रोटेजेरिनचे जनुक काढून टाकले, त्यांच्या कानातली हाडे पोखरली गेली, रिकिबीचा तळ खिडकीच्या कडेशी हाडाने जोडला गेला आणि ते उंदीर बहिरे होत गेले. पोखरणे आणि चिकटणे दोन्ही एकाच प्राण्यात, हे वाचून चक्रावायला होते. पण मोडणे सुरू झाले की त्यामागे बांधणेही येतेच, आणि बांधणारे जुना नकाशा बघत नाहीत. माणसांतही जन्मतः हे प्रथिन नसलेली मुले आहेत. आजार फार दुर्मीळ आहे. त्या मुलांची हाडे वाकतात आणि ऐकणे हळूहळू जाते.

सांध्यांमध्ये कोणती प्रथिने असतात?

पहिल्या दोन सांध्यांत हाडांच्या टोकांवर कूर्चा असते. तिचा कोलॅजेन दुसऱ्या प्रकारचा, आणि त्याच्या जाळ्यात अडकलेले अ‍ॅग्रिकॅन हे प्रथिन पाणी धरून ठेवते. कानाच्या पडद्याच्या मधल्या थरातही हाच दुसऱ्या प्रकारचा कोलॅजेन मुख्य असतो. काही धागे मध्यातून कडेकडे, काही गोल फिरलेले.

तिसऱ्या सांध्याची गोष्ट वेगळी. रिकिबीच्या तळाभोवतीची कडी मिलिमीटरच्या लहानशा अंशाएवढी रुंद असते आणि तिच्यात इलॅस्टिन व फिब्रिलिन यांचे तंतू दाटलेले असतात. फिब्रिलिनचा सांगाडा, त्यावर इलॅस्टिन, आणि इलॅस्टिनचे रेणू एकमेकांना कायमचे बांधलेले. ताणा, सोडा, जागेवर येतात. सेकंदाला हजारो वेळा. शरीर इलॅस्टिन बहुतेक सारे गर्भात आणि बालपणी बनवते, नंतर नवीन फारसे येत नाही. सत्तरीतल्या माणसाची रिकीब जन्मावेळच्याच तंतूंवर हलत असते.

हातोडी आणि ऐरण यांच्यात सांधा हवाच कशाला? एकसंध हाड चालले नसते?

गिनीपिगमध्ये ही दोन हाडे जोडलेलीच असतात आणि तो उत्तम ऐकतो. माणसात हा सांधा आवाजापेक्षा दाबासाठी उपयोगी दिसतो. घाटातून उतरताना किंवा विमानात हवेचा दाब बदलतो, पडदा एका बाजूला ढकलला जातो, तेव्हा ती ढकल या सांध्यात जिरते आणि रिकीब आतल्या कानात फार खोल जात नाही. शिंकेच्या वेळीही तेच.

ही हाडे मुळात जबड्याची होती असे वाचले. खरे आहे का?

खरे आहे, आणि मला विचाराल तर मधल्या कानाबद्दलची सर्वांत सुंदर गोष्ट हीच. कार्ल रायशर्ट या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने १८३७ मध्ये डुकराचे गर्भ तपासताना पाहिले की हातोडी आणि ऐरण जबड्याच्या कूर्चेच्या मागच्या टोकातून घडतात. सरपटणाऱ्या प्राण्यांत त्याच दोन तुकड्यांचा जबड्याचा सांधा असतो. सस्तन प्राण्यांत जबड्याने नवा सांधा केला आणि जुना सांधा कानात गेला. म्हणजे तुमच्या कानातला हातोडी-ऐरण सांधा हा सरड्याच्या जबड्याची बिजागरी आहे. जीवाश्मांत या स्थलांतराचे मधले टप्पेही सापडले आहेत.

रिकीब मात्र वेगळ्या घराण्याची. गर्भाच्या गळ्याजवळ एकाखाली एक पट्ट्या उभ्या राहतात, त्यांना कमानी म्हणतात. पहिल्या दोघी त्यांतल्या पहिल्या कमानीतून, रिकीब मुख्यतः दुसऱ्या कमानीतून. ही वाटणी करणारे एक प्रथिन आहे, हॉक्सए२. ते स्वतः काही बांधत नाही, दुसऱ्या कमानीतल्या पेशींना "तुम्ही पहिल्या नाहीत" एवढे बजावते. १९९३ मध्ये ते काढून टाकलेल्या उंदरांत रिकीब तयारच झाली नाही आणि तिच्या जागी हातोडी-ऐरणीची दुसरी, आरशातल्यासारखी उलटी जोडी उगवली. इथेही अडवणारेच प्रथिन.

आमच्या घरात काहींची बोटे वाकत नाहीत आणि त्यांना कमीही ऐकू येते. या दोन्हींचा संबंध असू शकतो का?

असू शकतो, आणि हा प्रश्न डॉक्टरांसमोर नक्की मांडा. बोटाकडे बघून कानाचे निदान सुचावे, असे प्रसंग वैद्यकात फार नाहीत.

गर्भात बोट आधी अखंड कूर्चेची कांडी असते. तिच्यात जिथे सांधा व्हायचा तिथे हाड बनवण्याचा हुकूम थांबवावा लागतो. हुकूम देणारी प्रथिने बीएमपी कुळातली, आणि थांबवणारे नॉगिन. नॉगिन बीएमपीला दोन्ही बाजूंनी मिठी मारते, त्यामुळे बीएमपी आपल्या ग्राहकापर्यंत पोचत नाही. हे प्रथिन १९९२ मध्ये बेडकाच्या गर्भात सापडले. नॉगिन अजिबात नसलेल्या उंदरांच्या पिल्लांना सांधेच नसतात आणि ती जन्मताच मरतात. माणसात जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक बिघडलेली असली तर नॉगिन कमी पडते, आणि काही ठरावीक सांधे हाडाने भरून येतात: बोटांचे मधले पेर, घोट्याजवळची हाडे, आणि रिकिबीचा तळ.

अशी बोटे जवळून पाहिली तर एक खूण लगेच दिसते. पेराच्या पाठीवर आपल्याला ज्या आडव्या सुरकुत्या असतात, त्या तिथे नसतात. कातडी गुळगुळीत, ताणलेली. सांधा कधी वाकलाच नाही, तर घडी पडणार कुठून? मूठ वळताना ते बोट सरळच राहते. बहुतेक वेळा करंगळीच्या बाजूची बोटे जास्त अडकलेली असतात. काही कुटुंबांत बोटे वाकतात, पण हाताचे अंगठे आणि पायाचे अंगठे रुंद असतात आणि लांबचे दिसते पण जवळचे धूसर. कारण एकच, नॉगिनचे जनुक.

या बोटांच्या विकाराला सिम्फॅलँजिझम हे नाव दिले ते मेंदूची शस्त्रक्रिया गाजवणाऱ्या हार्वी कुशिंग यांनी, १९१६ मध्ये, एका अमेरिकी कुटुंबाच्या पिढ्यांचा अभ्यास करून. जनुक मात्र १९९९ मध्ये सापडले. आई किंवा वडील यांपैकी एकाला असेल तर प्रत्येक अपत्याला येण्याची शक्यता निम्मी. अशा मुलांना "लक्ष देत नाही, मठ्ठ आहे" असे शेरे मिळतात, तेव्हा आधी कान तपासून घ्या. आतला कान चांगला असल्याने श्रवणयंत्राचा चांगला उपयोग होतो, आणि रिकिबीची शस्त्रक्रियाही करता येते.

ओटोस्क्लेरोसिस म्हणजे काय?

रिकीब अडकण्याचे मोठ्या माणसांतले हे नेहमीचे कारण. आन्तोनिओ व्हाल्साल्व्हा या इटालियन वैद्याने अठराव्या शतकात एका बहिऱ्या माणसाच्या शवविच्छेदनात रिकीब खिडकीत घट्ट बसलेली पाहिली होती. व्हिएन्नाच्या अ‍ॅडम पोलिट्झर यांनी १८९३ मध्ये दाखवले की मूळ आजार आतल्या कानाच्या कवचाच्या हाडाचा आहे.

होते असे. खिडकीच्या पुढच्या कडेला हाडाचा एक ठिपका, जो जन्मभर स्वस्थ राहायचा, तो अचानक मोडू-बांधू लागतो. आधी रक्तवाहिन्यांनी भरलेले स्पंजासारखे हाड, मग दाट हाड. ते पसरत कडीपाशी येते आणि रिकिबीला चिकटते. कवचात मोडणे-बांधणे का बंद असते ते वर पाहिले, इथे ते बंधन सुटलेले दिसते. अभ्यासांत टीजीएफ-बीटा, बीएमपी, पहिल्या प्रकारचा कोलॅजेन अशा अनेक प्रथिनांची जनुके पुढे आली आहेत, पण प्रत्येक रुग्णाला लागू पडेल असे एकच जनुक नाही. गोवराच्या विषाणूचे अंशही अडकलेल्या तळाच्या हाडात सापडले आहेत. गोवराची लस रुजल्यावर काही देशांत हा आजार कमी झालेला दिसतो. लस घेण्याची कारणे तशीही पुरेशी आहेत, त्यांत हे एक वाढले तर बिघडले कुठे?

ओळखायचे कसे? वय साधारण २० ते ४०, बायकांमध्ये पुरुषांच्या जवळपास दुप्पट, एक कान आधी आणि मग बहुधा दुसराही. कान दुखत नाही, वाहत नाही, पडदा स्वच्छ. रुग्ण स्वतः हळू बोलतो, कारण त्याला आपला आवाज डोक्यातून मोठा ऐकू येतो. आणि एक गमतीची तक्रार: लोकलमध्ये किंवा लग्नाच्या मांडवात जास्त चांगले ऐकू येते. गोंगाट त्याच्यापर्यंत पोचत नाही, पण इतर लोक त्या गोंगाटावर आवाज चढवतात, तो पोचतो. ऑडिओग्राममध्ये, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखात, हाडावाटे ऐकण्याच्या रेषेला २००० हर्ट्झजवळ एक खड्डा दिसतो.

बाळंतपणाने तो वाढतो म्हणतात. मूल होऊ द्यायचे की नाही?

होऊ द्या. गरोदरपणात ऐकणे कमी झाल्याचे सांगणाऱ्या बायका आहेत आणि इस्ट्रोजेनचा हाडाशी संबंधही आहे, म्हणून ही समजूत पुस्तकांत शिरली. पण मुले झालेल्या आणि न झालेल्या रुग्ण स्त्रियांच्या ऐकण्याची तुलना केली गेली तेव्हा ठळक फरक निघाला नाही. एकेकाळी या कारणाने बायकांना मूल होऊ न देण्याचा सल्ला दिला जाई. तो सल्ला आज कोणी देत असेल तर दुसरे मत घ्या.

ठिसूळ हाडांच्या आजारात कान का बिघडतात?

या आजारात बहुधा पहिल्या प्रकारच्या कोलॅजेनचेच जनुक बिघडलेले असते. सौम्य प्रकारात कोलॅजेन चांगला पण निम्माच तयार होतो. तीव्र प्रकारांत ग्लायसिनच्या जागी दुसरे अमिनो आम्ल येते आणि सगळी वेणीच बिघडते, म्हणजे कमी माल असण्यापेक्षा खराब माल असणे जास्त महागात पडते. डोळ्यांचा पांढरा भाग निळसर दिसतो, कारण तिथलाही कोलॅजेन पातळ झालेला असतो.

कानात दोन गोष्टी होतात. रिकिबीचे नाजूक पाय झिजतात किंवा मोडतात, आणि तळ घट्ट होतो. ऐकणे बहुधा विशी-तिशीत उतरू लागते. या रुग्णांनी हाडे मोडत नसलेल्या काळातही ऐकण्याची तपासणी ठराविक काळाने करत राहावी. शस्त्रक्रिया होते, पण अशा केसेस हाताळलेल्या सर्जनकडेच.

वर्षानुवर्षे कान वाहतो. डॉक्टर म्हणतात ऐरण खाल्ली गेली. हाड कोण खाते?

तुमच्याच पेशी. आपल्याकडे मधल्या कानाची हाडे जातात ती बहुतेक याच वाटेने, जनुकांमुळे नव्हे, म्हणून हे उत्तर जरा सविस्तर.

पडद्याला भोक पडून पू येत राहिला की तिथली सूज कायमची होते. सुजेतल्या पेशी रँक-लिगँड आणि तिच्या जोडीची प्रथिने सोडतात, आणि शांत असलेल्या भागात ऑस्टिओक्लास्ट उतरतात. पेशी हाडाला चिकटून खाली आम्ल सोडते, आम्लात खनिज विरघळते, कोलॅजेन उघडा पडतो. मग कॅथेप्सिन-के हे प्रथिन, जे नेमके आम्लातच चांगले चालते, तो कोलॅजेन कापते. कोलॅजेनची घट्ट वेणी कापू शकणारी प्रथिने शरीरात मोजकी, त्यातले हे एक.

याहून वाईट म्हणजे कोलेस्टिआटोमा. नाव गाठीसारखे, पण ती कर्करोगाची गाठ नव्हे. पडद्याची कातडी आत ओढली जाऊन तिची पिशवी होते. कातडी जिथे असेल तिथे आपले काम करते, केराटिनचे पापुद्रे टाकते. ते बाहेर पडायला वाट नसते. पिशवी फुगते, सडते आणि कडेचे हाड पोखरत जाते. पहिला बळी बहुधा ऐरणीचा लांब पाय. तो बारीक, आणि त्याचा रक्तपुरवठा अपुरा. त्यानंतर चेहऱ्याची नस, तोल सांभाळणाऱ्या नळ्या, आणि वरचे पातळ हाड, ज्याच्या पलीकडे मेंदू आहे.

थोडासाच पण घाण वासाचा स्राव, कमी होत जाणारे ऐकणे, चक्कर, तोंड वाकडे होणे: यांतले काहीही असेल तर थेंबांवर थेंब बदलत बसू नका. कोलेस्टिआटोमा औषधाने जात नाही, त्याला शस्त्रक्रियाच लागते. आणि कोमट तेल? ज्या पडद्याला भोक आहे त्या कानात घातलेले तेल थेट या हाडांवर जाऊन बसते. टाळूला लावा, कानात नको.

वयाबरोबर गुडघ्यासारखे हे सांधेही झिजतात का? आणि संधिवात?

झिजतात. वृद्धांच्या कानातले सांधे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर कूर्चा विरलेली, कुठे चुना साठलेला, कुठे सांधा पार जोडला गेलेला दिसतो. पण ऐकण्यावर त्याचा परिणाम अगदी थोडा. वयाचे बहिरेपण आतल्या कानातल्या पेशींचे असते. ऱ्हुमॅटॉइड संधिवातातही हे सांधे सुजू शकतात, तरी तिथेही आतल्या कानाची तक्रार जास्त आढळते.

प्रोटीन पावडर, कोलॅजेनच्या गोळ्या, कॅल्शियम. काही उपयोग?

या हाडांना नाही. खाल्लेला कोलॅजेन पोटात तुटतो, आणि ज्या हाडांचे बांधकाम जन्माआधीच उरकले आहे, त्यांना नवा माल पाठवून ती घेत नाहीत. क जीवनसत्त्व कोलॅजेनच्या विणीसाठी लागते, तेवढे आवळा-पेरू-लिंबातून मिळते.

फ्लोराइडने ओटोस्क्लेरोसिस थांबतो असे ऐकले.

१९६० च्या दशकात सोडियम फ्लोराइड देण्याची पद्धत सुरू झाली आणि काही डॉक्टर अजूनही ते देतात. पुरावा फार भक्कम नाही. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या भागांत जिथे भूजलातच फ्लोराइड जास्त आहे, तिथे दात आणि सांधे आधीच त्याची किंमत मोजत आहेत. मनाने घेऊ नका. रँक-लिगँडला अडवणारे इंजेक्शन हाडांच्या विरळपणासाठी वापरले जाते, पण ओटोस्क्लेरोसिससाठी तो मान्य उपचार नाही.

मामाच्या किंवा आत्याच्या मुलाशी लग्न झाले तर हे आजार वाढतात का?

वर सांगितलेले नॉगिनचे आणि ठिसूळ हाडांचे बहुतेक प्रकार एका बिघडलेल्या प्रतीनेही होतात, त्यामुळे नात्यातल्या लग्नाचा त्यांच्याशी फारसा संबंध नाही. संबंध आहे तो आतल्या कानाच्या जन्मजात बहिरेपणाशी. त्यातले कनेक्सिन-२६ या प्रथिनाचे जनुक भारतात महत्त्वाचे आहे, आणि तिथे दोन्ही प्रती बिघडलेल्या लागतात. नात्यात लग्न झाले की दोन्हींकडे तीच बिघडलेली प्रत असण्याची शक्यता वाढते. घरात जन्मतः न ऐकणारे कोणी असेल तर लग्नाआधी किंवा निदान मुलाआधी सल्ला घ्यावा.

जनुक तपासणी करावी का?

नेहमीच्या ओटोस्क्लेरोसिसमध्ये करू नका, पैसे वाया जातील. मूल लहान असून रिकीब अडकलेली आहे, बोटे, डोळे, हाडे किंवा मूत्रपिंड यांचीही तक्रार आहे, तर करा. शस्त्रक्रियेआधी एक प्रकार मुद्दाम शोधावा लागतो. पीओयू३एफ४ या प्रथिनाचे जनुक बिघडलेल्या मुलग्यांत मेंदूभोवतीचा द्रव रिकिबीमागे दाबाने भरलेला असतो. तिथे तळाला भोक पाडले की द्रव कारंज्यासारखा बाहेर येतो आणि उरलेले ऐकणेही जाण्याचा धोका असतो. सीटी स्कॅन नीट वाचला तर हे आधीच कळते.

रिकीब बदलतात म्हणजे नेमके काय करतात?

अमेरिकेत जॉन शे यांनी १९५६ मध्ये पहिल्यांदा रिकीब काढून टेफ्लॉनची बसवली. आज बहुतेक वेळा अख्खी रिकीब काढत नाहीत. कानाच्या नळीतूनच पडदा उचलतात, रिकिबीची कमान काढतात, तळाला लेसरने किंवा ड्रिलने अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचे भोक पाडतात आणि त्यात टेफ्लॉन किंवा टायटॅनियमचा बारीक पिस्टन सोडून त्याचा आकडा ऐरणीच्या पायात अडकवतात. अनेकदा फक्त भाग बधिर करून होते, आणि आकडा बसल्यावर रुग्णाला टेबलवरच सर्जनचा आवाज ऐकू येतो. अनुभवी हातात दहातल्या नऊ जणांना चांगला फायदा होतो. शंभरात एखाद्याचे त्या कानाचे ऐकणे पूर्ण जाण्याचा धोकाही असतो, तो सही करण्याआधी विचारून घ्या. श्रवणयंत्र हा कमी प्रतीचा पर्याय नाही.

ऐरण खाल्ली गेली असेल तर तिचाच उरलेला तुकडा घासून, कानाच्या पाळीजवळची कूर्चा घेऊन किंवा टायटॅनियमचा कृत्रिम तुकडा घालून साखळी जोडतात. कोलेस्टिआटोमा असेल तर आधी तो साफ करणे, ऐकणे नंतर.

पिस्टन बसवल्यावर एमआरआय करता येतो का?

बहुतेक पिस्टनसोबत येतो. १९८७ मध्ये बनलेले काही स्टीलचे पिस्टन चुंबकाकडे ओढले जाणारे निघाले होते आणि परत मागवले गेले, म्हणून एमआरआयवाले हा प्रश्न आजही विचारतात. शस्त्रक्रियेनंतर पिस्टनचे नाव आणि धातू लिहिलेले कार्ड किंवा स्टिकर मिळते. त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि घरातल्या आणखी एकाला पाठवून द्या. डिस्चार्ज कार्ड दहा वर्षांनी सापडत नाही.

शस्त्रक्रियेनंतर विमानाने कधी जावे?

आपल्या सर्जनला विचारून, सहसा काही आठवड्यांनी. तोवर नाक जोरात शिंकरू नका, शिंक तोंड उघडे ठेवून द्या, जड ओझे उचलू नका. चक्कर वाढली किंवा ऐकणे एकदम उतरले तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी जा.